'फास्तिदियार'ला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं?

जर्मन नाहीतर स्पॅनिश, रेझ्युमेवर एखादी फॉरेन लँग्वेज हवीच, असं हॉस्टेलवर बरेच जण म्हणतात. छानच आहे! पण स्पॅनिशवाल्यांच्या वहीत डावीकडे क्रियापद आणि उजवीकडे एक इंग्लिश इडियम अशी जी यादी असते, तिच्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. विशेषतः पिडणे, पकवणे, वाट लावणे या खात्यातल्या क्रियापदांच्या बाबतीत.

'फास्तिदियार' घ्या. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वीट, किळस. (इंग्लिशमधला 'फॅस्टिडियस' त्याच घराण्यातला, पण तो निघाला चोखंदळ!) धाकट्या भावाने डोकं खाल्लं तरी फास्तिदियार, ट्रिपचा विचका झाला तरी फास्तिदियार, फुटबॉल खेळताना गुडघा गेला तरी तेच. शिवाय स्पेनमधला मित्र 'नो फास्तिदिएस!' म्हणाला तर तो चिडलाच असेल असं नाही. 'काय सांगतोस!' एवढंच त्याला म्हणायचं असेल. आता या सगळ्याला 'गेट ऑन माय नर्व्हज' हे एकच लेबल चिकटवलं तर गुडघ्याचं काय करणार? इंग्लिशमध्ये माणसाला पिडायचे इडियम वेगळे आणि बेत बिघडवायचे वेगळे. स्पॅनिशमध्ये ही भिंत नाही. म्हणून आधी बघायचं, वाट कुणाची लागलीय, माणसाची की बेताची?

बेताची असेल तर मजा आहे. 'आग्वार ला फिएस्ता' म्हणजे शब्दशः पार्टीत पाणी घालणे, जसं वाइनमध्ये पाणी घालून ती पातळ करतात तसं. इंग्लिशमध्ये असा माणूस 'वेट ब्लँकेट', किंवा तो आपल्या परेडवर पाऊस पाडतो. सगळीकडे ओलंच! आणि मराठीत आपण उत्साहावर पाणी ओततो, नाहीतर विरजण घालतो. मी कॉन्व्हेंटची, हिशोबसुद्धा इंग्लिशमध्ये करते. पण इथे मला आधी 'विरजण' आठवतं आणि मग त्यावरून इंग्लिश इडियम सापडतो. मधे मराठीचा स्टॉप घेतला की गाडी उलट लवकर पोचते, असं माझं स्पष्ट मत आहे. मेकॅनिकलवाल्यांचा लाडका 'स्पॅनर इन द वर्क्स' मात्र इथे नको. चालू कामात खोडा घातला तरच तो. (अमेरिकन लोक तिथे मंकी रेंच टाकतात. पाना तो पानाच!)

खरी रिस्क आहे ती शब्दाच्या जोरात. 'होरोबार' हा 'होरोबा' म्हणजे कुबड यावरून आलेला. एका बऱ्यापैकी अश्लील क्रियापदाऐवजी चारचौघांत वापरायचा हा सभ्य पर्याय. ते मूळ क्रियापद संपादक छापणार नाहीत. 'होरोबार'ला इंग्लिशमधली एफवाली शिवी लावली तर बोलणारी सोज्वळ आजी एकदम टपोरी होऊन बसते. 'फ्रेगार' आणखी डेंजर. स्पेनमध्ये त्याचा अर्थ भांडी घासणे, आणि लॅटिन अमेरिकेत डोक्याला ताप देणे! वाक्य माद्रिदचं की मेक्सिकोचं हे माहीत नसताना उजवीकडे काय लिहिणार?

आणि 'मोलेस्तार'? तिकडे हॉटेलच्या दारावर 'नो मोलेस्तार' अशी पाटी असते. अर्थ फक्त 'डिस्टर्ब करू नका'. दिसायला सारखा म्हणून कुणी इंग्लिशमध्ये 'मोलेस्ट' लिहिलं, तर आपल्या पेपरात त्याचा अर्थ विनयभंग. उद्या नोकरीत क्लायंटच्या स्पॅनिश मेलमधली अशी ओळ भाषांतर करून बॉसला पाठवलीत, तर रेझ्युमेवरची ती लँग्वेज भलतीच महागात पडेल.

तेव्हा वहीत अजून दोन कॉलम आखा. कोण कुणाला म्हणतंय, आणि कुठल्या देशात. सुरुवातीला सोपा घ्या, 'दार ला लाता'. शब्दशः पत्र्याचा डबा देणे, अर्थ पिरपिर करून वैताग आणणे. आपल्या लाथेशी त्याचा काही संबंध नाही!