बाळाला ऐकू येत नाही, म्हणजे ‘घराण्यातच दोष’ आहे का?

बाळाला जन्मतःच ऐकू येत नाही असं कळलं, की आपल्याकडे अनेक घरांत पहिली चौकशी सुनेच्या माहेरी होते. “तुमच्याकडे कुणाला होतं का असं?” मग मामा, आजोबा, चुलत आजी अशी सगळ्यांची उजळणी सुरू होते.

कधी कधी कारण खरंच आनुवंशिक असतं. पण हुबेहूब तसाच बहिरेपणा रुबेला नावाच्या विषाणूमुळेही येऊ शकतो. गरोदर बाईला थोडा ताप येतो, अंगावर पुरळ उठतं, तीन-चार दिवसांत सगळं जातं. काहींना तर काही झालं होतं हेही कळत नाही. मात्र हा संसर्ग पहिल्या १२ आठवड्यांत झाला, तर बाळाच्या कानांना, डोळ्यांना आणि हृदयाला इजा होण्याचा धोका खूप मोठा असतो.

ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे १९४१ मध्ये जन्मतः मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं एकामागोमाग येऊ लागली. आनुवंशिक आजार असा लाटेसारखा येत नाही. आयांकडे विचारपूस केल्यावर धागा सापडला: बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता.

जनुकात बदल नसताना, बाहेरच्या कारणाने आनुवंशिक दोषासारखंच लक्षण दिसतं, त्याला ‘फिनोकॉपी’ म्हणतात. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड गोल्डश्मिट यांनी १९३५ मध्ये हा शब्द दिला. त्यांनी फळमाश्यांच्या अळ्यांना उष्णता दिली, तेव्हा जनुकीय बदल झाल्यासारख्या दिसणाऱ्या माश्या तयार झाल्या.

शब्द विसरलात तरी चालेल, फरक विसरू नका. आई-वडील दोघेही बहिरेपणाच्या अप्रभावी जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला २५ टक्के धोका असतो. (नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते, ते नाकारण्यात अर्थ नाही.) कारण रुबेला असेल, तर पुढच्या बाळाला तो धोका जवळपास नसतो, कारण एकदा होऊन गेला की आईला सहसा आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळते. अडचण अशी, की बाळाच्या रक्तातून याचा पुरावा पहिल्या काही महिन्यांतच नीट मिळतो. तपासणी उशिरा झाली की उरतो तो अंदाज, आणि अंदाजाचं बोट बहुतेकदा आईकडेच वळतं.

भारताने गोवर-रुबेला निर्मूलनासाठी २०२६ चं लक्ष्य ठेवलं आहे. लहान मुलांना ९ ते १२ आणि १६ ते २४ महिन्यांत लशीचे दोन डोस सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. पण एक वयोगट या चर्चेत हरवतो. महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, ती १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्याआधीच पंधरा वर्षं ओलांडलेल्या मुली आज विशीत-तिशीत आहेत, म्हणजे नेमक्या आई होण्याच्या वयात. त्यांच्यापैकी अनेकींना रुबेला नकळत होऊन गेला असेल, काहींनी खासगीत लस घेतली असेल. उरलेल्या आजही असुरक्षित आहेत. त्यात मोहिमेच्या वेळी ‘या लशीने वंध्यत्व येतं’ असे निराधार मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते, म्हणून काही पालकांनी मुलींना लस दिलीच नाही.

बाळाचा विचार करत असाल आणि लस घेतल्याचं आठवत नसेल, तर आधीच डॉक्टरांशी बोला. ही लस गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यावर किमान एक महिना थांबावं लागतं.