बेळगोळची दगडी खतावणी



श्रवणबेळगोळची यात्रा एकदाही न केलेले जैन कुटुंब आपल्या कोल्हापूर-सांगली भागात शोधूनच काढावे लागेल. हुबळी, दावणगेरे मार्गे रात्रभराचा प्रवास करायचा, पहाटे विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढायच्या, भगवान बाहुबलींच्या चरणी माथा टेकवायचा, खाली येऊन मठात दर्शन घ्यायचे, भोजनशाळेत जेवायचे आणि दुपारी परतीच्या वाटेला लागायचे, असा आपला ठरलेला क्रम. त्यात न्यून काही नाही. तरीही वाचकांना या महिन्यात एक विनंती करावीशी वाटते की, पुढच्या यात्रेत आणखी एक दिवस राखून ठेवावा. बेळगोळला मूर्ती आहे तशीच एक खतावणीही आहे. ती दगडावर लिहिलेली असून हजार-चौदाशे वर्षे उघडी पडलेली आहे.

या गावातील शिलालेख बी. एल. राइस यांनी 1889 मध्ये प्रथम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांची संख्या 144 होती. आर. नरसिंहाचार यांच्या 1923 च्या आवृत्तीत ती 500 झाली. समोरच्या चंद्रगिरीवरील सर्वांत जुने लेख इसवी सन 600 च्या सुमाराचे असून तेथील अनेक लेख सल्लेखनाव्रताने देह ठेवलेल्या मुनी-आर्यिकांचे आहेत. बहुसंख्य लेख कन्नड आहेत; पण तमिळ आहेत, नागरी आहेत, आणि उत्तरेकडून आलेल्या यात्रेकरूंचे महाजनी लिपीतलेही आहेत. ज्या लिपीत व्यापारी पेढ्यांच्या वह्या लिहिल्या जात, त्याच लिपीत त्या यात्रेकरूंनी आपल्या यात्रेची नोंद करून ठेवली.

मराठी माणसाने मात्र प्रथम गोमटेश्वराच्या पायाशी थांबावे. सुमारे 57 फूट उंचीची ती मूर्ती गंग राजांचा मंत्री आणि सेनापती चावुंडराय याने 981 च्या सुमारास घडवून घेतली. पुढे बाराव्या शतकाच्या आरंभी होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती गंगराज याने मूर्तीभोवतीचा प्राकार, म्हणजे सुत्तालय, बांधले. या दोन्ही कामांची नोंद मूर्तीलगत कन्नडमध्ये आहे, तमिळमध्ये आहे आणि मराठीतही आहे: ‘श्री चावुंडराजें करवियलें’ आणि ‘श्री गंगराजे सुत्ताले करवियले’. या ओळी नेमक्या कोणत्या साली कोरल्या याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. दोन्ही ओळी गंगराजाच्या वेळच्या असाव्यात, असे अनेकांचे मत आहे. आपल्या भाषेच्या आद्य लेखांत त्यांची गणना होते, याविषयी मात्र दुमत नाही. कन्नड प्रदेशाच्या अंतर्भागात मराठी ओळ कोरावीशी वाटली, याचा सरळ अर्थ मला असा दिसतो की, ती वाचणारे यात्रेकरू तेव्हाही येत होते.

आपल्या कोल्हापूरचे नावही तेथे आहे. चंद्रगिरीवर देवकीर्ती मुनींच्या स्मरणार्थ 1163 मध्ये उभारलेल्या लेखात कोल्हापूरची रूपनारायण बसदी आणि माघनंदी आचार्य यांचा उल्लेख येतो. ही बसदी शिलाहार राजा गंडरादित्याचा सामंत निंबदेव याच्या नावाशी जोडलेली असून माघनंदी हे त्याचे गुरू. याच निंबदेवाने कोल्हापूरच्या कवडेगोळ्ळ बाजारात पार्श्वनाथ जिनालय बांधले. त्याच्या खर्चासाठी व्यापारी श्रेणींनी एकत्र जमून आपल्या मालावर ठरावीक आकार बसवून घेतला, ही नोंद शके 1058 च्या शिलालेखात आहे. आपल्या पेठांतील दुकानदारांनी आपण होऊन घातलेली ही लाग नऊशे वर्षांपूर्वीची आहे.

बँकेच्या सेवेत आयुष्य गेल्यामुळे असेल, पण बेळगोळच्या लेखांत राजांच्या बिरुदावलींपेक्षा माझे लक्ष आकड्यांकडे अधिक जाते. गावातील भंडारी बसदीत चोवीस तीर्थंकरांच्या मूर्ती एका ओळीत आहेत. ती बांधणारा हुळ्ळ हा होयसळांचा भंडारी, म्हणजे खजिनदार. मंदिराला नाव पडले ते त्याच्या हुद्द्याचे. देवकीर्तींचा वर सांगितलेला लेख उभारणाराही तोच. तेराव्या शतकातील काही लेख तर मुदत ठेवीच्या पावत्यांसारखे आहेत. कोणी गृहस्थ थोडे गद्याण, म्हणजे त्या काळचे सोन्याचे नाणे, ठेव म्हणून देतो. त्या रकमेच्या व्याजातून गोमटेश्वराच्या अभिषेकाला रोज अमुक माप दूध द्यावे आणि हे चंद्रसूर्य असेतोवर चालावे, अशी अट असते. मुद्दल मोडायचे नाही, व्याजाचा विनियोग ठरलेला आणि साक्षीदार म्हणून सारे गाव. आजच्या अक्षय निधीच्या नियमांत याहून निराळे काय असते? मूर्तीसमोर गुळ्ळकायी अज्जीची प्रतिमा आहे. चावुंडरायाच्या दुधाने जो अभिषेक पुरा होईना, तो या वृद्धेच्या फळाच्या वाटीएवढ्या दुधाने पुरा झाला, ही कथा आपण मुलांना सांगतोच. त्या ठेवीही अशाच वाटीएवढ्या आहेत.

भंडारी बसदीतच 1368 चा एक लेख आहे. जैन आणि श्रीवैष्णव यांच्यात तंटा झाला, तेव्हा विजयनगरचा राजा बुक्कराय याने दोन्ही पक्षांच्या प्रमुखांना बोलावून जैनांचा हात वैष्णवांच्या हाती दिला आणि दोन्ही दर्शनांत भेद नाही, असे सांगितले. आपण बहुधा एवढ्यावरच थांबतो. लेख मात्र पुढे व्यवस्था लावतो: राज्यातील प्रत्येक जैन घराने वर्षाला एक हण द्यावा, त्यातून बेळगोळच्या देवासाठी वीस रक्षक नेमावेत, उरलेल्या पैशांतून मोडकळीस आलेल्या जिनालयांची डागडुजी आणि चुनेसफेदी करावी, आणि हे काम तिरुमलैच्या तातय्याने, म्हणजे वैष्णव पक्षाच्या माणसाने, पाहावे. समेट टिकवायचा तर त्याला वार्षिक तरतूद हवी, हे त्या राजाला कळत होते.

पण ज्या लेखाने मला खरोखर अंतर्मुख केले तो 1634 चा आहे. मठ-मंदिरांची व्यवस्था पाहणाऱ्या स्थानिकांनी अडचणीपोटी देवस्थानाची इनाम उत्पन्ने व्यापाऱ्यांकडे गहाण टाकली होती. सावकार उत्पन्न खात होते आणि पूजा अडली होती. म्हैसूरचे राजे चामराज वडेयर यांना हे कळले, तेव्हा त्यांनी सावकारांना बोलावून, तुमचे कर्ज आम्ही फेडतो, असे सांगितले. सावकारांनी पैसे घेतले नाहीत. आपल्या मातापित्यांना पुण्य लाभावे म्हणून त्यांनी देवगुरूंच्या साक्षीने गहाण सोडून दिले. यापुढे जो देवाचे उत्पन्न गहाण टाकील आणि जो त्यावर कर्ज देईल, ते दोघेही दोषी, असा निर्बंधही मग घालण्यात आला.

या एका लेखात आपल्या समाजाची दोन्ही रूपे आली आहेत. तारण घेणारे व्यापारी होते आणि ते सोडणारेही व्यापारीच होते. निर्बंध घालताना एकट्या कर्जदाराला धरले नाही. देणाऱ्याचाही हात धरला, हे मला विशेष वाटते. आज महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 अन्वये विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून न्यासाची स्थावर मिळकत विकता येत नाही आणि न्यासासाठी कर्जही काढता येत नाही. कायदा नवा असला तरी त्यामागचा अनुभव फार जुना आहे.

मठांच्या सनदा जगात इतरत्रही जपल्या गेल्या आहेत. ग्रीसमधील पॅटमॉस बेटावरच्या संत योहानाच्या मठाला बायझंटाइन सम्राट अलेक्सियस कोम्निनोस याने 1088 मध्ये सारे बेट दान दिले. ती सनद आजही मठाच्या संग्रहात आहे. ती मात्र बंद दाराआड जपलेली. बेळगोळला हिशेब वाटेवर, दारात आणि खडकावर कोरला, म्हणजे येणारा प्रत्येक यात्रेकरू आपोआप हिशेबतपासनीस झाला.

आपल्या दानाचे काय? नोकरीच्या काळात एक गोष्ट मी वारंवार पाहिली. आजोबांनी मंदिराच्या पूजेसाठी ठेव ठेवलेली असते, पावती एका विश्वस्तांच्या कपाटात असते. विश्वस्त जातात आणि पावती तेथेच राहते. दहा वर्षे कोणी विचारपूस केली नाही, की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीकडे वर्ग होते. तिच्यावरचा हक्क बुडत नाही, पण मागणी करायची तर कागद हवेत आणि माहीतगार माणूस हवा. तोवर पूजेचे दूध बंदच असते. दान करणाऱ्याच्या भावनेत खोट नसते. नोंद उघड्यावर नसते, एवढेच.

म्हणून देणगी देताना फरशीवर नाव कोठे येईल, हे एक वेळ विचारू नये. मुद्दल कोठे राहील, व्याज कशावर खर्च होईल आणि वर्षाचा हिशेब कोणत्या फलकावर लागेल, हे अवश्य विचारावे. विश्वस्तांनीही या प्रश्नांचा राग मानू नये. घरात जुन्या पावत्या असतील तर येत्या सुट्टीत त्या काढून पाहाव्यात, मुलांना दाखवाव्यात आणि बँकेत जाऊन खाते चालू आहे की नाही याची खात्री करून घ्यावी.

श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक बारा वर्षांनी होतो. 1981, 1993, 2006 आणि 2018 असे सोहळे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले. पुढचा जवळ आला की गर्दीत दगड वाचायला सवड मिळणार नाही. त्याआधी एखाद्या शांत हिवाळ्यात घरच्या मुलांना घेऊन जावे. हळेगन्नड आपल्याला वाचता येणार नाही, पण गोमटेश्वराच्या पायाशी असलेली मराठी ओळ सातवीतले मूलही बोट ठेवून वाचू शकेल. त्याने ती वाचली, की भंडारी बसदीत न्यावे आणि एका हणाची गोष्ट सांगावी.