हेतू शुद्ध, पण दोषाचे काय?

महाभारताच्या कर्णपर्वात कौशिकाची कथा आहे. युधिष्ठिरावर खड्ग उगारू पाहणाऱ्या अर्जुनाला आवरताना श्रीकृष्ण ती सांगतो. सदैव सत्यच बोलण्याचे व्रत घेतलेल्या कौशिकाला दरोडेखोर विचारतात, जिवाच्या भीतीने पळालेली माणसे कुठे गेली? व्रतभंग नको म्हणून तो वाट दाखवितो. माणसे मारली जातात आणि कौशिकाच्या वाट्याला नरक येतो. त्याच्या मनात हत्येचा लवलेशही नव्हता. तरीही व्यासांनी त्याला निर्दोष ठरविलेले नाही.

‘हेतू वाईट नव्हता’ हा बचाव आज सर्रास ऐकू येतो. दुसऱ्याचे अंतःकरण कोणी पाहिले, मग दोष द्यायचा कसा, असेही विचारले जाते. हेतूला महत्त्व आहेच. शल्यविशारद आणि मारेकरी यांना कोणी एका मापाने मोजत नाही. परंतु हेतूवरून दोष किती मोठा, हे ठरते. हेतू नव्हता एवढ्यावरून दोष नाहीसा होत नाही.

२-३ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. कारखाना चालविणाऱ्यांना माणसे मारायची होती, असे कोणी म्हणत नाही. पण वायूच्या टाकीची शीतकरण यंत्रणा बंद होती; सुटलेला वायू जाळणारा मनोराही बंद होता. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा आरोप निष्काळजीपणावर आणला आणि २०१०मध्ये दोषींना शिक्षा झाली ती दोन वर्षांची. न्यायालय कायद्याच्या चौकटीत बांधलेले असते. समाजाच्या विवेकाचे तेवढ्याने समाधान होत नाही. धोका ठाऊक होता काय? तो टाळणे हाती होते काय? कोणाच्याही मनात न डोकावता हे दोन प्रश्न विचारता येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठीची कमाल शिक्षा पाच वर्षांवर नेली, हे उचितच झाले.

हाच निकष कार्यकर्त्याने स्वतःलाही लावला पाहिजे. शिबिरातील मुलांना नदीवर नेताना सोबत पट्टीचा पोहणारा घेतला नाही आणि अघटित घडले, तर सेवाभावाचा दाखला देऊन त्या मातेचे सांत्वन होणार नाही. दुसऱ्याच्या हेतूविषयी घाईने संशय घेऊ नये आणि आपल्या सद्हेतूच्या आड आपण लपू नये. कौशिकालाही आपले व्रत तेवढे दिसले. पळणारी माणसे दिसली नाहीत.