दोन पोझ द्या, मधलं कंप्युटर भरतो म्हणे!

गेल्या रविवारी ताईकडे नेरूळला जेवायला गेलो होतो. श्रीखंड-पुरी झाल्यावर भाऊजींनी एक चकचकीत माहितीपत्रक पुढ्यात टाकलं. भाच्याला ॲनिमेशन शिकायचंय, त्यासाठी एका क्लासमध्ये चौकशी करून आले होते. तिथल्या बाईंनी सांगितलं म्हणे, "चित्र काढता आलं नाही तरी चालतं हो. हाताने काढायचा जमाना गेला, आता सगळं थ्रीडी. दोन पोझ द्या, मधलं कंप्युटर भरतो." भाऊजी खूश. भाचा गप्प. वह्यांच्या मागच्या पानांवर चार वर्षं मारामाऱ्या काढणारा पोरगा तो! "तू कंप्युटरवाला ना, तूच सांग," ताई म्हणाली. मी काहीतरी थातुरमातुर बोललो. खरं उत्तर परतीच्या ठाणे लोकलमध्ये सुचलं, ते इथे लिहितोय.

मंडळी, नव्वदच्या दशकात ज्यांची शाळा वाशी-चेंबूरकडे झाली त्यांना व्हिडिओ गेम पार्लर आठवत असेल. अंधारी खोली, घामट टोकन, बरगडीत शेजारच्याचं कोपर. एका मशीनवर 'मुस्तफा' (त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम, १९९३, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं!) आणि दुसऱ्यावर 'किंग ऑफ फायटर्स ९७'. ते सगळे पैलवान म्हणजे स्प्राइट. प्रत्येक पोझ हे वेगळं चित्र, कुणीतरी ठिपका ठिपका करून काढलेलं. एका स्प्राइटला १६ रंगांची पॅलेट, त्यातला एक पारदर्शक, म्हणजे हातात राहिले १५. गडी वळला की चित्र आरशासारखं उलटं करायचं, नवं काढायचं नाही. त्यामुळे 'स्ट्रीट फायटर'मधला सगात वळला की त्याची डोळ्यावरची पट्टी दुसऱ्या डोळ्यावर जायची. हसू नका, मेमरी महाग होती.

आणि मेमरी महाग म्हणूनच चित्रकाराला निवड करावी लागायची. एका लाथेला मोजकी चित्रं. मग पाय मागे खेचलेला ठसठशीत दाखवायचा, आणि पुढच्याच चित्रात तो थेट समोरच्याच्या थोबाडावर. मधलं सरळ गाळायचं, फारतर रंगाचा एक फराटा ओढायचा. ही काटकसर तर होतीच, पण त्यामुळे खेळ खेळता यायचा. सेकंदाला ६० फ्रेम पळणाऱ्या या खेळात समोरचा काय करणार हे त्याच्या खांद्यावरून, कमरेवरून ओळखायचं असतं. चित्र गुळमुळीत निघालं तर तुम्ही हरलात आणि रुपया गेला.

थ्रीडीत काय होतं? एक मॉडेल, त्याच्या आत हाडांचा सांगाडा. सुरुवातीची पोझ द्या, शेवटची द्या, मधल्या फ्रेम इंटरपोलेशन काढून देतं. मी पोटासाठी कोड लिहितो, त्यामुळे या शब्दाचा मला अजिबात धाक नाही. 'अ' आणि 'ब' यांच्यामधला बिंदू कुठे, एवढंच ते सांगतं. वजन कुठल्या पायावर आहे, राग किती आहे, कुठे थांबायचं आणि कुठे उडी मारायची, हे त्याला कुठून कळणार? मग गडी पाण्याखाली मारामारी केल्यासारखा वाटतो. सगळं स्मूथ, आणि लागत कुणालाच नाही.

"अरे पण खर्च बघ!" मान्य. हाताने काढणं भयंकर महाग आहे. २०१३ साली 'स्कलगर्ल्स'वाल्यांनी एका, फक्त एका नव्या पात्रासाठी लोकांकडे दीड लाख डॉलर मागितले होते, आणि हिशोबही मांडून दाखवला होता. 'किंग ऑफ फायटर्स'ने १२व्या आणि १३व्या भागासाठी (२००९, २०१०) सगळे स्प्राइट नव्याने काढले. १४व्या भागात (२०१६) थ्रीडी पत्करलं. त्यांना नावं ठेवणार नाही, पगार द्यावे लागतात. आणि 'टूडीत आत्मा असतो' म्हणून उसासे टाकणारी आमची पार्लरची गँगही मला पटत नाही. १५ रंगांत कचरा काढणारेही रग्गड होते.

माझं भांडण 'जमाना गेला' या दोन शब्दांशी आहे. २०१४ चा 'गिल्टी गिअर एक्सआरडी' बघा. पाहणाऱ्याला शंभर टक्के हाताने काढलेला वाटतो आणि आहे पूर्ण थ्रीडी, अनरियल इंजिनवर! आर्क सिस्टिम वर्क्सच्या लोकांनी केलं काय, तर कंप्युटरने मधलं भरणं बंद केलं. प्रत्येक पोझ हाताने लावली, ती काही फ्रेम तशीच धरून ठेवली, ठोसा मारताना हात ओढून लांब केला, सावली गणिताने पडेल तिथे न पाडता चित्रकार पाडेल तिथे पाडली. म्हणजे थ्रीडी जिवंत करायला चित्रकाराचाच डोळा लागला. लांब कशाला जा, आपल्या पुण्यात नॉडिंग हेड्सने केलेला 'राजी' (२०२०) घ्या. थ्रीडीच, पण पहाडी चित्रशैलीच्या वळणाने हाताने रंगवलेला, आणि मधली गोष्ट छायाबाहुल्यांतून सांगितलेली. तिथे ब्रश हातात धरता येणारं कुणी नसतं तर?

दोन पोझ द्या म्हणे. कुठल्या दोन? ते ठरवणं हेच तर काम आहे! 'मधलं भरणं' हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग, आणि त्या बाई नेमका तोच लाखाच्या वर फी घेऊन विकतायत. आमच्या धंद्यात हे बघून झालंय. महापेला माझ्यासोबत नुसती बटणं दाबून टेस्टिंग करणारी पोरं होती, ते काम स्क्रिप्ट करायला लागली तेव्हा त्यांचे काय हाल झाले ते जवळून पाहिलंय. आता तर मधलं भरायला एआयही रांगेत उभं आहे.

काल भाऊजींना फोन केला. म्हटलं, त्या क्लासमध्ये एकच विचारा, समोर माणूस बसवून चित्र काढायचे तास आठवड्याला किती? ते म्हणाले, "बघतो रे, पण बुधवारपर्यंत फी भरली तर दहा टक्के सूट आहे."

रात्री भाच्याने व्हॉट्सॲपवर वहीचं पान पाठवलं. पाच चित्रांत एक लाथ. तिसऱ्यात पाय अंगापेक्षा लांब झालाय. खाली लिहिलंय, "मामा, हे चुकलं का?"

चुकलं नाही म्हणून कळवलंय. चौथं खोडून बघ, असंही.