बोस्टनचे गणित, मुठेकाठचा रुग्ण

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाची लघवी कमी होऊ लागली आणि रक्तातले क्रिएटिनिन चढू लागले की आजाराचा रंग बदलतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतल्या ९७ केंद्रांच्या पाहणीत अशा विभागांतल्या ५७.३ टक्के रुग्णांत मूत्रपिंडाला कमीअधिक इजा आढळली होती. इजा तीव्र असेल तर मोठ्या अभ्यासांतले मृत्यूचे प्रमाण साधारण ४४ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहिले आहे. जगणे आणि दगावणे यांचे पारडे इतके जवळजवळ असल्यामुळेच विभागाबाहेर बसलेले नातेवाईक पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारतात : डॉक्टर, टक्के किती?

या प्रश्नाला नेमका आकडा देता येतो, असे मानणारा पक्ष आज जोरात आहे आणि त्याची बाजू पोकळ नाही. १९८५ सालचा ‘अपाची दोन’ हा गुणांक अमेरिकेतल्या १३ रुग्णालयांतल्या ५,८१५ रुग्णनोंदींवर उभा राहिला. वय, नाडी, रक्तदाब, रक्ततपासण्या यांना गुण द्यायचे आणि मूत्रपिंड अचानक निकामी झाले असेल तर क्रिएटिनिनचे गुण दुप्पट धरायचे, अशी त्याची रीत. १९९६ मध्ये ‘सोफा’ आला. त्यात सहा अवयवसंस्थांना प्रत्येकी शून्य ते चार गुण. आता संगणक स्वतःच नोंदींतून शिकतो. बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयातल्या नोंदींचा ‘मिमिक’ हा संग्रह संशोधकांना खुला असल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णांचे मृत्युभाकीत करणारी कितीतरी प्रारूपे त्याच्यावर बेतली गेली आहेत. या पक्षाचा निष्कर्ष असा की, यंत्राने ८५ टक्के धोका सांगितला तर महागडे डायलिसिस सुरू करण्यात अर्थ नाही. कुटुंब कर्जात बुडू नये आणि खाट दुसऱ्याला मिळावी.

या निष्कर्षातली पहिली चूक साध्या गणिताची आहे. असे प्रारूप ८० टक्के अचूक म्हणून मिरवले जाते तेव्हा बहुधा इतकेच म्हणायचे असते की, दगावलेला एक आणि वाचलेला एक अशा जोड्या घेतल्या तर शंभरांतल्या ऐंशी जोड्यांत प्रारूपाने दगावलेल्याला अधिक धोका दिला होता. ज्यांना ८५ टक्के धोका सांगितला त्यांच्यातले खरोखर ८५ टक्के दगावले का, हा प्रश्न निराळा आहे. क्रम बरोबर लागूनही टक्का साफ चुकू शकतो. प्रारूप एका शहरातून उचलून दुसऱ्या शहरात नेले की आधी बिघडतो तो टक्काच, आणि नातेवाइकांना सांगितला जातो तोही टक्काच.

त्याहून मोठी चूक रोगाच्या कारणाकडे पाठ फिरवण्याची आहे. पुण्यात शनिवार पेठेचा एक काठ मुठेला लागून आहे. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की ओंकारेश्वराच्या बाजूला पाणी चढते आणि ओसरताना गाळ मागे ठेवून जाते. समजा, पेठेतल्या जुन्या वाड्यातले ७८ वर्षांचे, मधुमेह असलेले आजोबा न्यूमोनियाने दाखल झाले आणि त्याच आठवड्यात तो गाळ उपसणारा तिशीतला सफाई कामगार लेप्टोस्पायरोसिसने. दोघांचे क्रिएटिनिन ४.२, दोघांनाही डायलिसिसची गरज. मूत्रपिंडाच्या रकान्यात ‘सोफा’ दोघांना सारखेच गुण देईल. दोघांच्या वयातला फरक पुष्कळ प्रारूपे धरतात; पण लेप्टोचे मूत्रपिंड वेळेवर डायलिसिस मिळाले तर बहुधा पूर्ववत होते, फुप्फुसात रक्तस्राव झाला तर मात्र सगळे पालटते, ही माहिती बोस्टनच्या नोंदींतून शिकलेल्या यंत्राजवळ जवळपास नसतेच. घोणस किंवा फुरसे चावून बंद पडलेले मूत्रपिंड, फाल्सिपेरम मलेरिया, डेंग्यू, जुलाबाने शरीर कोरडे पडणे, बाळंतपणातला रक्तस्राव ही महाराष्ट्रातली नेहमीची कारणे त्या संग्रहात क्वचितच भेटतील.

कारणाने उत्तर किती उलटते, याचा दाखला उपचारांच्या चाचण्यांतच आहे. डायलिसिस लवकर सुरू करावे की थांबावे, हे पाहणारी १५ देशांतली ‘स्टार्ट एकेआय’ चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत जवळपास तीन हजार रुग्ण होते. ९० दिवसांतले मृत्यू लवकरच्या गटात ४३.९ टक्के आणि थांबलेल्यांत ४३.७ टक्के, म्हणजे फरक नाहीच. उलट वाचलेल्यांपैकी डायलिसिसवर अवलंबून राहिलेले लवकरच्या गटात १०.४ टक्के, दुसऱ्यात ६ टक्के. आता ब्राझीलमधला २००७ सालचा अभ्यास पाहावा. रुग्ण अवघे ३३, पण सगळे गंभीर लेप्टोचे. डायलिसिसला उशीर झालेल्या व ते एकाआड एक दिवस मिळालेल्या गटात ६६.७ टक्के दगावले. तातडीने आणि रोज मिळालेल्यांत १६.७ टक्के. अभ्यास लहान आहे, त्यावर इमला बांधू नये. तरी मूत्रपिंडाची इजा हा एकच रोग धरून भाकीत करणाऱ्यांना तो अडचणीत टाकतो, हे खरे.

क्रिएटिनिनही दिसते तितके प्रामाणिक नाही. ते स्नायूंतून येते. त्यामुळे कृश आजींचा १.२ हा आकडा कागदावर निरुपद्रवी दिसतो, प्रत्यक्षात तो त्यांच्या नेहमीच्या दुप्पट असू शकतो. सलाइनने शरीरात पाणी साचले की आकडा पातळ होतो तो वेगळाच. ‘केडिगो’ या मूत्रपिंडविकारांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेच्या २०१२ च्या निकषांनुसार ४८ तासांत ०.३ची किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट वाढ ही इजेची खूण, पण मूळचा आकडा कोणाजवळ असतो? पेठेतले निवृत्त गृहस्थ जुने रिपोर्ट तारीखवार फाइलला लावून ठेवतात, या सवयीची थट्टा होते. अशा वेळी ती फाइल कोणत्याही सूत्रापेक्षा मोलाची ठरते.

मग नोंदींतच मुरलेला दोष. धोका जास्त सांगितला म्हणून उपचार थांबवले तर रुग्ण दगावतो आणि भाकीत खरे ठरल्याची नोंद होते. आपल्याकडे याला आणखी एक फाटा आहे. पैसे संपले की कुटुंब रुग्णाला घरी नेते. केसपेपरवर ‘डामा’, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, असे लिहिले जाते. हा माणूस दुसऱ्या दिवशी घरी दगावला तरी रुग्णालयाच्या मृत्युसंख्येत तो येत नाही. अशा नोंदींवर शिकवलेले देशी यंत्र परदेशी यंत्राइतकेच फसवे ठरेल. आणि उपचारच बदलले तर? नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ पासून कृत्रिम मूत्रपिंडावर घेतलेले सुरुवातीचे पंधराएक रुग्ण जवळपास सगळेच दगावले. त्या नोंदींवर कोणतेही गणित जगण्याची शक्यता शून्याच्या आसपासच दाखवते. १९४५ मध्ये बेशुद्धावस्थेत आलेली ६७ वर्षांची स्त्री त्याच यंत्रावर शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षे जगली.

यावरून दुसरा पक्ष आनंदाने म्हणेल की, आकडे फेकून द्या, मुरलेल्या डॉक्टरची नजर पुरे. हेही टिकत नाही. नजरेला कालचा रुग्ण जास्त आठवतो. दोन डॉक्टरांच्या नजरा एकाच खाटेपाशी वेगळे सांगतात, आणि चुकलेल्या अंदाजाची वही कोणी ठेवत नाही. शिवाय गुणांक नसेल तर एखाद्या विभागात अपेक्षेपेक्षा जास्त मृत्यू होतात की रुग्णच जास्त गंभीर येतात, हे ठरवता येणार नाही. समूहाची तुलना हे गुणांकांचे मूळ काम आहे आणि तिथे ते उपयोगी आहेत.

ग्राह्य धरावी अशी रीत या दोहोंमधून निघते. दाखल होतानाचा एकच आकडा न सांगता तीन ते पाच दिवसांच्या उपचारांची मुदत ठरवावी आणि ‘सोफा’ चढतो की उतरतो ते रोज पाहावे. उतरता आलेख पहिल्या दिवशीच्या टक्क्याहून अधिक सांगतो. शरीरातली पाण्याची तूट भरून काढल्यावर, सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णाला फ्युरोसेमाइडचा ठरलेला डोस देऊन दोन तासांत २०० मिलिलिटरहून जास्त लघवी होते का, हे तपासता येते. स्वस्तातली ही चाचणी जगण्याचे भाकीत करत नाही, पण इजा पुढच्या पायरीवर जाईल का याचा बरा अंदाज देते. नातेवाइकांशी बोलताना ‘तुमच्या वडिलांना ७० टक्के धोका’ असे न म्हणता ‘अशा शंभर रुग्णांतले सुमारे सत्तर वाचत नाहीत, कारण सापडले तर हा अंदाज बदलेल’ असे सांगावे. उपचार मागे घेण्याचा प्रश्न आलाच तर सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने आणि २४ जानेवारी २०२३ च्या सुधारणेने घालून दिलेली दोन वैद्यकीय मंडळांची वाट आहे. गुणांक हा त्यांच्यापुढचा एक पुरावा, निर्णय नव्हे.

हे सगळे चालायला प्रत्येक विभागाची स्वतःची नोंदवही हवी. तीत इजेचे कारण, पूर्वीचे क्रिएटिनिन आणि ‘डामा’ रुग्णांचे पुढे काय झाले, हे रकाने सक्तीचे असावेत, आणि परके प्रारूप आपल्या आकड्यांशी जुळवून घेतल्याखेरीज वापरू नये. नव्वदाव्या दिवशी घरी एक फोन केला तर रुग्ण हयात आहे का ते कळते. त्याच फोनवर क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन तपासायला बोलावता येते, कारण वाचलेल्यांच्या मूत्रपिंडाची तपासणी तीन महिन्यांनी व्हावी, असे ‘केडिगो’चेही सांगणे आहे.