टोफूला आधी पाणी सोडायला लावा!

टोफूची आपल्याकडे एक जाम गोची झालीय. तो पनीरसारखा दिसतो. त्यामुळे लोक त्याला पनीरसारखंच वागवतात. पाकीट फोडलं, तुकडे केले, टाकले कढईत. मग दोन घास खाऊन ‘हा काय स्पंज आहे का?’ म्हणत डिश बाजूला. बिचारा टोफू फुकट बदनाम!

माझ्या एका मैत्रिणीला डॉक्टरांनी दूध आणि दुधाचं सगळं बंद करायला सांगितलं. त्यात ती पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. म्हणजे चहा, दही, पनीर, सगळं एका फटक्यात गेलं. ऑफिसच्या पार्टीत तिच्या प्लेटमध्ये फक्त काकडी-टोमॅटो. ‘डाळ खाऊन खाऊन किती खाणार गं?’ असं ती विचारायची तेव्हा माझ्याकडे उत्तर नसायचं. आपल्यासाठी टोफू म्हणजे हेल्थची फॅशन असेल, तिच्यासाठी तो रोजच्या जेवणाचा प्रश्न होता. आणि तीन पाकिटं कचऱ्यात गेल्यावर ती त्यालाही रामराम ठोकायच्या बेतात होती. मग एका शनिवारी आम्ही दोघी कंबर कसून तिच्या किचनमध्ये उतरलो.

फंडा एकदम सिंपल आहे. टोफू म्हणजे सोयाबीनचं दूध फाडून, दाबून केलेली वडी. त्यात सुमारे 70 ते 85 टक्के पाणीच असतं. पाणी उकळतं 100 अंशांना, आणि खरपूस रंग यायला साधारण 140 अंश तरी लागतात. टोफू वरून ओला असेल तोवर तेल कितीही तापवा, तो तळला जात नाही, नुसता वाफवला जातो. म्हणजे सगळी लढाई पाण्याशी!

दुकानात ‘सिल्कन’ टोफू सूपसाठी सोडून द्या, ‘फर्म’ किंवा ‘एक्स्ट्रा फर्म’ घ्या. दूध बंद असेल तर पाकिटाच्या मागे ‘कॅल्शियम सल्फेट’ लिहिलंय का तेही बघा. हे सोयाचं दूध फाडायला वापरतात आणि त्यातून थोडं कॅल्शियमही पोटात जातं.

ऑफिसातून आल्या आल्या टोफू स्वच्छ पंचात गुंडाळा, वर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवा आणि खुशाल आंघोळीला जा. 20 ते 30 मिनिटांत काम होतं. तेवढाही धीर नसेल तर तुकडे उकळत्या मिठाच्या पाण्यात 10 मिनिटं बुडवून ठेवा. पाणी काढायला पाणी? हो! गरम पाण्याने बाहेरचा थर आवळतो, बाहेर काढल्यावर तो भराभर सुकतो आणि मीठही लागतं. नीट टिपून मात्र घ्या. तिसरा उपाय आहे फ्रीझर. बर्फाने टोफूला आतून छिद्रं पडतात. मग तो वितळवून अलगद पिळला की पाणी निघून जातं आणि सॉस मस्त मुरतो. मैत्रिणीच्या फ्रीझरमध्ये आता एक पाकीट कायम असतं.

आता 200 ग्रॅम टोफूच्या तुकड्यांना दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, मीठ आणि मिरपूड चोळा. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरी पावडर हं, भाकरीचं पिवळं मक्याचं पीठ नाही. पीठ लावलं की लगेच तव्यावर, नाहीतर त्याची खळ होते. लोखंडी तव्यात दोन-तीन चमचे तेल चांगलं तापवा, तुकडे सुटे सुटे मांडा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. हेच सगळ्यात कठीण! तुकडा तव्याला धरून बसला असेल तर समजा, अजून व्हायचाय. खालून कुरकुरीत झाला की आपणहून सुटतो. सगळ्या बाजू झाल्या की चाळणीत काढा. ताटलीत ठेवलात तर खालच्या वाफेने पुन्हा मऊ.

त्याच तेलात, मोठ्या आचेवर आधी गाजर आणि फरसबी, मग ढोबळी मिरची आणि कोबी, शेवटी आलं-लसूण. झाकण अजिबात नको. एक मोठा चमचा सोया सॉस, थोडं व्हिनेगर, चिमूटभर साखर. सोया सॉस खारट असतो, म्हणून वरून मीठ चाखूनच. टोफू सगळ्यात शेवटी. अर्धा मिनिट परता आणि गॅस बंद.

डब्याचं मात्र खरं सांगते. बंद डब्यात दुपारपर्यंत कोणताच टोफू कुरकुरीत राहत नाही आणि मायक्रोवेव्ह तर त्याला पार मऊ करतो. म्हणून डब्यात राजमा न्या, उसळ न्या. टोफू रात्रीसाठी ठेवा, तव्यावरून थेट ताटात.