टंचाई एक, अर्थ दोन

उन्हाळा सुरू झाला की महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात 'टंचाई' हा शब्द नेमाने अवतरतो. टंचाई आराखडे तयार होतात, टंचाई निवारणाच्या बैठका होतात, टंचाईग्रस्त गावांच्या याद्या निघतात आणि टँकरच्या फेऱ्या मोजल्या जातात. मृगाच्या सरी कोसळल्या की हा शब्द पुढील फाल्गुनापर्यंत फायलींत विसावतो. ज्या शब्दाच्या नावे दरवर्षी एवढा पैसा आणि एवढे श्रम खर्ची पडतात, त्याचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. कोणाला हा शब्दांचा कीस वाटेल. परंतु रोगाचे नाव चुकले, तर औषधही चुकते.

इंग्रजी भाषेत या ठिकाणी दोन शब्द आहेत: 'स्कार्सिटी' आणि 'शॉर्टेज'. आपल्याकडील सर्वसाधारण शब्दकोश उघडला, तर दोहोंपुढे टंचाई, तुटवडा, कमतरता हेच प्रतिशब्द आढळतील. वास्तविक पाहता या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. 'शॉर्टेज' म्हणजे एखाद्या वेळी, एखाद्या ठिकाणी गरजेच्या मानाने पडलेली तूट. ती मोजता येते आणि भरून काढता येते. शिक्षकांचे शॉर्टेज असते, सुट्या नाण्यांचे असते, लसींचे असते. त्यातील 'शॉर्ट' तर आपण केव्हाच आपलासा केला आहे. किराणा दुकानात 'वीस रुपये शॉर्ट आहेत' असे म्हणणाऱ्या आजीबाईंना आपण इंग्रजी बोलत आहोत, याची जाणीवही नसते.

'स्कार्सिटी'चे तसे नाही. हा शब्द ज्या लॅटिन मुळातून आला, त्याचा अर्थ 'वेचून काढलेले' असा आहे. वस्तू मुळातच मोजकी आहे आणि ती सर्वांच्या सर्व इच्छा पुरवू शकणार नाही, ही स्थिती म्हणजे स्कार्सिटी. सोने आजही स्कार्स आहे आणि उद्याही राहील. म्हणून सराफाच्या दुकानात सोन्याचे शॉर्टेज असतेच असे नाही. लायोनेल रॉबिन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये अर्थशास्त्राची जी व्याख्या केली, तिचा पायाच ही स्कार्सिटी आहे. साधने मोजकी, त्यांचे उपयोग अनेक. तेव्हा निवड करणे अटळ. शॉर्टेज पुरवठा मागते, स्कार्सिटी विवेक मागते.

कायद्याने हद्दपार झालेला शब्द

'स्कार्सिटी' हा शब्द आपल्या शासनव्यवहारात कसा रुजला, याचा इतिहास उद्बोधक आहे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर ब्रिटिश सरकारने आयोग नेमून १८८० मध्ये अहवाल मिळवला आणि त्यातून प्रांतोप्रांती 'फॅमिन कोड' म्हणजे दुष्काळ संहिता सिद्ध झाल्या. स्वातंत्र्यानंतर, १९६३ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने एक आगळाच कायदा संमत केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द वगळणे आणि त्या जागी 'स्कार्सिटी' घालणे, एवढेच त्याचे प्रयोजन. शेतीच्या स्थितीवर सरकारचे सतत लक्ष असते आणि टंचाईची चिन्हे दिसताच उपाय योजले जातात, त्यामुळे दुष्काळ उद्भवण्यास आता वाव उरलेला नाही, अशी त्यामागची भूमिका होती.

शब्द गेला, पण दुष्काळ गेला नाही. नऊच वर्षांनी १९७२ चे साल उगवले. गावोगावी खडी फोडण्याची कामे निघाली, कामावर सुकडी वाटली गेली, परदेशातून आलेली मिलो ज्वारी रेशनवर मिळू लागली. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या काळी कोणाही मजुराने 'आमच्याकडे स्कार्सिटी पडली' असे म्हटले नसेल. तो दुष्काळच म्हणाला. त्या संकटात राज्याने भूकबळी मोठ्या प्रमाणावर टाळले आणि वि. स. पागे यांच्या चिंतनातून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला त्यातून बळ मिळाले, याचे श्रेय द्यावयासच हवे. तथापि एक गोष्ट राहून गेली. भुकेची जागा घेण्यासाठी आणलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे मर्यादेची जाणीव, आपल्या कारभारात कधी उतरलाच नाही. शब्द स्कार्सिटीचा आणि उपचार शॉर्टेजचा, असा प्रकार सुरू झाला. पाणी कमी पडले, टँकर पाठवा. अधिक कमी पडले, अधिक टँकर पाठवा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे न्यावी लागली, तेव्हा या वाटेचा शेवट कोठे होतो, हे साऱ्या देशाने पाहिले.

दोन्ही शब्दांची कसोटी पाहावयाची असेल, तर कोकणाकडे पाहावे. तेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि तरीही मे महिन्यात अनेक वाड्यांवर आयाबहिणी हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. येथे स्कार्सिटी नाही, शॉर्टेज आहे. पाणी पडते, पण थांबत नाही. मग याच्या उलट स्थिती कोठे असू शकेल काय? पाऊस मुळातच तुटपुंजा, पण तूट नाही, असे गाव असू शकेल काय?

हिवरे बाजारचा ताळेबंद

असे गाव आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील नगर तालुक्यातले हिवरे बाजार. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हे गाव. पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. कित्येक वर्षी त्याहूनही कमी. १९७२ नंतर या गावाची घडी पार विस्कटली. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, तरुण मुंबई-पुण्याची वाट धरू लागले, दारू आणि भांडणे वाढली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे राज्याच्या आदर्श गाव योजनेत गावाचा समावेश झाला. डोंगरउतारावर समतल चर खोदले गेले, नाल्यांवर बांध पडले, झाडे लागली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान ही सूत्रे गावाने स्वीकारली. हा भाग आता सर्वपरिचित आहे. २०२० मध्ये पवार यांना 'पद्मश्री' जाहीर झाली, हेही वाचक जाणतातच.

परंतु पाणी अडवण्याची कामे महाराष्ट्रात हजारो गावांत झाली. बंधारे बांधूनही त्यांतील पुष्कळ गावे पुन्हा टँकरच्या रांगेत उभी राहिली. हिवरे बाजारचे वेगळेपण बंधाऱ्याच्या पुढच्या पायरीत आहे. सिंचनासाठी विंधन विहीर घ्यावयाची नाही, ऊस आणि केळी यांसारखी तहानलेली पिके लावावयाची नाहीत, हे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. पुढे २००४ पासून पाण्याचा वार्षिक ताळेबंद सुरू झाला. गावात पर्जन्यमापक आहेत, निवडक विहिरींची पातळी नियमित मोजली जाते. पावसाळा सरला की ग्रामसभेत हिशेब मांडला जातो.

हा हिशेब अवघड नाही. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. तेव्हा १०० मिलिमीटर पावसाचे पाणी होते सुमारे ९७ कोटी ६० लाख लिटर. यातील बाष्प होऊन किती उडाले, किती वाहून गेले, मातीत ओलावा म्हणून किती राहिले आणि किती मुरले, याचा अंदाज घ्यावयाचा. मग माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढावयाचे. उरलेल्या पाण्यात कोणती पिके, किती क्षेत्रावर बसतात, ते सर्वांनी मिळून ठरवावयाचे. पाऊस कमी झाला, त्या वर्षी पाणी अधिक पिणाऱ्या पिकांना रजा. १९९५ नंतर गावात टँकर आलेला नाही, असे ग्रामस्थ अभिमानाने सांगतात, त्याचे मर्म या हिशेबात आहे.

म्हणजे या गावाने केले काय? त्याने स्कार्सिटी मान्य केली, म्हणून त्याला शॉर्टेज भोगावे लागले नाही. आकाशातून पडणारे पाणी वाढवणे कोणाच्याच हाती नव्हते. ती मर्यादा होती. मर्यादा ओळखून खर्च बेतला, तर तूट पडत नाही, हे प्रत्येक गृहिणी जाणते. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही शिकवण आपल्या घराघरांत आहे. हिवरे बाजारने ती घराच्या उंबऱ्याबाहेर काढून गावच्या चावडीवर आणली, एवढेच.

यावर आक्षेप येतात आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. गाव लहान आहे, शासकीय योजनांचा निधी मिळाला, नेतृत्व दीर्घकाळ टिकले. सर्वत्र असे कसे घडणार? यात तथ्य आहे. पन्नास हजार वस्तीच्या गावात एक ग्रामसभा हा हिशेब मांडू शकणार नाही. शिवाय ज्याच्या विहिरीला पाणी आहे, त्याला 'ऊस लावू नको' असे सांगणे सोपे नसते. त्याला कर्ज फेडावयाचे असते आणि उसाला हमखास गिऱ्हाईक असते. संयमाचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून नगरवासीयांनी नळ मोकळे सोडावेत, हे न्यायाचे होणार नाही. तरीही निधी अनेक गावांना मिळाला, हे विसरता येत नाही. हिशेब मांडण्यास आणि तो पाळण्यास निधी लागत नाही. एकमेकांवरचा विश्वास लागतो.

शब्दांची सरमिसळ दोन्ही अंगांनी घातक ठरते. मानवी चुकीने पडलेल्या तुटीला आपण निसर्गाची मर्यादा म्हटले, की चूक करणारा सुटतो. पावसाला दोष देऊन सर्व जण मोकळे होतात. आणि निसर्गाच्या मर्यादेला नुसती तूट म्हटले, की कोणीतरी कोठून तरी पाणी आणून ती भरून देईल, अशी आशा बळावते. पहिल्या चुकीतून बेफिकिरी जन्मते, दुसरीतून परावलंबन. दोहोंची किंमत शेवटी हंडा उचलणारी बाईच मोजते.

म्हणूनच आपल्या भाषेने हा भेद स्पष्ट केला पाहिजे. त्यासाठी नवे शब्द घडवण्याची आवश्यकता नाही. 'शॉर्टेज'साठी 'तूट' आहे, 'स्कार्सिटी'साठी 'मर्यादा' आहे. मराठी मनाला 'मर्यादा' या शब्दाचे मोल वेगळे सांगावयास नको. आपण पुरुषोत्तमाचा गौरवही त्याच शब्दाने करतो. पुढच्या फाल्गुनात तालुक्याच्या कचेरीत टंचाई आराखडा तयार होईल, तेव्हा त्यात दोन रकाने असावेत. या गावाची मर्यादा किती, आणि तूट किती. पहिला रकाना पावसाने भरावयाचा आहे. दुसरा आपण भरतो आणि तो कोरा ठेवणेही आपल्याच हाती आहे.